बिऱ्हाड हलवून पाहिलं: मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय

पतंगांचे फोटो टाकायला मी नोव्हेंबर २०२२मध्ये मॅस्टोडॉनवर खातं काढलं. हे ट्विटरसारखं समाजमाध्यम, पण एका कंपनीचं नाही; वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले अनेक सर्व्हर एकमेकांशी बोलतात, पोस्टींच्या प्रती एकमेकांना पाठवतात. (दिव्याभोवती फिरणारे पतंग, उडवायचे नव्हेत.) माझा सर्व्हर छोटा, चालवणारा एकटा माणूस. दीड वर्षाने त्याने कळवलं: महिनाभरात बंद करतोय, आपापली सोय बघा. फुकटात राहत होतो, भांडणार कशाला?

नव्या सर्व्हरवर खातं काढलं, जुन्यावर 'हलवा' म्हटलं आणि बहुतेक फॉलोअर आपोआप मागोमाग आले. झकास! पोस्ट मात्र एकही आली नाही. दीड वर्षाचे फोटो, त्यांच्याखाली जाणकारांनी ओळखून दिलेली नावं, सगळं मागेच राहिलं. संग्रह उतरवून घेता येतो, पण नव्या खात्यात चढवता येत नाही. मॅस्टोडॉनचे सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात ते ॲक्टिव्हिटीपब, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१८मध्ये मान्य केलेलं मानक. त्यात पोस्टची ओळख म्हणजे तिचा वेब-पत्ता, आणि पत्त्यात सर्व्हरचं डोमेन. डोमेन बुडालं की पोस्टीही बुडाल्या.

दुसरी गंमत उत्तरांची. एकच पतंग तिघांनी तीनदा ओळखून दिला, कारण तिघे तीन सर्व्हरांवर आणि एकमेकांची उत्तरं त्यांना दिसतच नव्हती. तिघांचं उत्तर एकच आलं, हा आनंद वेगळा.

मग ब्लूस्काय, तेही ट्विटरसारखंच. तिथल्या एटी प्रोटोकॉलमध्ये (म्हणजे तिथल्या सर्व्हरांच्या नियमांमध्ये) खात्याची ओळख सर्व्हरला बांधलेली नाही. नाव म्हणून मी स्वतःचं डोमेन लावलं. डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींमध्ये) एक ओळ टाकली की झालं. पोस्टी डिजिटल सहीशिक्क्यासकट एका रेपॉझिटरीत, म्हणजे खात्याच्या स्वतःच्या कोठारात, राहतात. ती दुसऱ्या सर्व्हरवर नेली आणि पोस्टी, फॉलोअर, लाइक सगळं जागच्या जागी! अर्थात कमांड लाइनची (संगणकाला आज्ञा टाइप करून देण्याची) सवय नसेल तर या वाटेला जाऊ नका.

पण घर माझं झालं तरी रस्ता कोणाचा? कोणत्या ओळखीचं खातं कुठल्या सर्व्हरवर आहे याची नोंदवही ब्लूस्काय कंपनीनेच उभारलेली, आणि बहुतेक लोक बघतात ते कंपनीच्याच ॲपमधून. दुसऱ्या कोणी तसंच उभारायला बंदी नाही. मात्र अख्ख्या जाळ्याच्या पोस्टी ओढून, साठवून, शोधता येतील अशा लावून ठेवणं एकट्या हौशी माणसाचं काम नव्हे. मॅस्टोडॉनचा छोटा सर्व्हर तसा माणूस चालवू शकतो (आणि कंटाळून बंदही करू शकतो). शिवाय ब्लूस्कायवर मी कोणाला ब्लॉक केलंय हे कुणालाही बघता येतं. हे मला भयंकर खटकतं.

नोस्टर हे तिसरं, तसंच विखुरलेलं जाळंही उघडून पाहिलं. तिथे तुमची ओळख म्हणजे ६३ अक्षरांची गुप्त किल्ली. हरवली तर 'पासवर्ड विसरलात?' असं विचारणारं कोणी नाही. चष्मा रोज हरवणाऱ्या माणसाने हे करू नये. मी दोन दिवसांत बाहेर पडलो.

मॅस्टोडॉनला पाचपैकी साडेतीन, ब्लूस्कायला तीन. अर्धा तारा जास्त तो तिथल्या पतंगवाल्यांसाठी. सध्या फोटो आधी माझ्या साइटवर, मग मॅस्टोडॉनवर, तिथून ब्रिजने (एका जाळ्यातल्या पोस्टी दुसऱ्यात पोचवणाऱ्या सेवेने) ब्लूस्कायवर. गेल्या महिन्यात नाव चुकलेला एक फोटो मी डिलीट केला. एका परक्या सर्व्हरवर तो अजून दिसतो, चुकीच्या नावासकट. डिलीटचा निरोप तिथे पोचला नसावा, किंवा पोचूनही कोणी ऐकला नसावा.