आप्पांना हवालदार करणारं पत्र

जवानाच्या फौजेतल्या नोकरीची नोंद असलेलं मूळ डिस्चार्ज बुक कुणाच्याही हातात देऊ नका. झेरॉक्स मागेल तेवढ्या द्या, मूळ बुक नाही. पुढचं सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान एवढं तरी घरी सांगा, म्हणून ते आधीच लिहून टाकलं.

आमचे आप्पा १९६२ च्या डिसेंबरात भरती झाले. चीनचं युद्ध नुकतंच थांबलं होतं आणि भरती जोरात चालू होती. तेव्हाचा करार सात वर्षं कलर सर्व्हिस आणि आठ वर्षं रिझर्व्ह असा होता. सात वर्षं पलटणीत काढायची, मग घरी येऊन शेती बघायची. नाव मात्र रिझर्व्हच्या यादीत राहायचं, आणि बोलावणं आलं की ट्रंक उचलून निघायचं. आप्पा १९६९ च्या अखेरीला घरी आले. १९७१ च्या लढाईला परत बोलावणं आलं तेव्हा ज्वारी काढायची होती, ती चुलत्यांवर टाकून ते गेले आणि पुढच्या वर्षी परतले. १९७७ ला दोन्ही मिळून पंधरा वर्षं भरली आणि त्यांना रिझर्व्हिस्ट पेन्शन सुरू झालं.

पंधरा वर्षं सलग पलटणीत काढणाऱ्या जवानाला मिळतं ते सर्व्हिस पेन्शन. आप्पांचं रिझर्व्हिस्ट पेन्शन, आणि ते कमी असतं. गावात हा फरक कुणाला माहीत नसतो, सगळ्यालाच ‘मिलिट्री पेन्शन’ म्हणतात. मी पंचवीस वर्षं मास्तरकी केली, मलाही माहीत नव्हता. माझी सगळी शोभा झाली ती तिथंच.

आता चूक काय होती ते सांगतो. आईचं माहेरचं नाव हौसा, लग्नात बदलून लक्ष्मी ठेवलं (दोन्ही नावं मी इथं बदलली आहेत). आप्पांनी लग्नानंतर पलटणीत बायकोचं नाव लिहून दिलं ते माहेरचं. का, असं विचारलं तर म्हणतात, ‘तेव्हा तोंडात तेच होतं.’ तिथल्या क्लार्कनं इंग्रजीत ते असं काही लिहिलं की वाचताना ‘हुसा’ होतं. आधार कार्ड, बँक पासबुक, सातबारा सगळीकडे लक्ष्मी. पन्नास वर्षं कुणाचं काही अडलं नाही. २०२२ मध्ये पेन्शन ‘स्पर्श’वर, म्हणजे फौजेच्या ऑनलाइन पेन्शन पोर्टलवर गेलं. त्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला भरायला मी आप्पांना सेवा केंद्रात घेऊन गेलो, तर तिथल्या पोरानं स्क्रीन माझ्याकडे फिरवून विचारलं, ‘सर, हुसाबाई कोण?’

आप्पा गेल्यावर आईला फॅमिली पेन्शन लागायचं तर रेकॉर्डमधली बायको आणि आधारवरची बायको एक असल्याचं सिद्ध करावं लागणार. आप्पा हयात असताना त्यांच्या सहीनं हे काम सोपं, नंतर आईला एकटीला हेलपाटे. आप्पा तेव्हा ऐंशीच्या घरात. मला घाई झाली, आणि घाईत माणूस रस्त्यावरच्या पहिल्या पाटीला भुलतो.

सैनिक कल्याण कार्यालयात जायला म्हणून आम्ही जिल्ह्याला गेलो. गेटसमोर चहाची टपरी आहे. आप्पांना बसवून चहा सांगितला तोच बाकावरचे एक गृहस्थ उठून उभे राहिले. ‘जय हिंद साहेब!’ पासष्टीचे असतील, इस्त्रीचा सफारी, काखेत प्लॅस्टिकची फाइल. आप्पांना आयुष्यात कुणी साहेब म्हटलेलं नाही. त्या गृहस्थांनी आमचे कागद पाहिले आणि दोन मिनिटांत सांगितलं, ‘किंड्रेड रोल चुकलाय. पार्ट टू ऑर्डर निघाली पाहिजे. मग प्रयागराजहून सुधारित पीपीओ येतो.’ हे तिन्ही शब्द खरे आहेत, हे मुद्दाम सांगतो. किंड्रेड रोल म्हणजे जवानाच्या घरच्या माणसांची नोंद. त्यात बदल झाला की तसा लेखी आदेश निघतो, ती पार्ट टू ऑर्डर. आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, प्रयागराजच्या कार्यालयातूनच दुरुस्त होतो. फसवणारा सगळंच खोटं बोलत नाही. नव्वद टक्के बरोबर बोलतो, म्हणून उरलेलं खपतं. स्वतः रेकॉर्ड ऑफिसात सुभेदार मेजर होतो, असं त्यांनी सांगितलं. आम्ही त्यांना लगेच सुभेदार साहेब म्हणायला लागलो.

आप्पांनी एकच प्रश्न विचारला होता, ‘पलटण कंची?’ ते हसून म्हणाले, ‘साहेब, क्लार्कची कसली पलटण, सगळीकडे फिरलो.’ परतताना एस्टीत आप्पा म्हणाले, ‘पलटण सांगितली न्हाई त्यानं.’ मी म्हटलं, ‘आप्पा, सगळ्यांवर संशय घेऊ नका.’ हे वाक्य मला अजून छळतं.

पहिल्या दिवशी सुभेदार साहेबांनी तीन हजार घेतले, प्रतिज्ञापत्राचे म्हणून. महिन्याभरानं गॅझेटचे साडेसात हजार. हे तेवढे फोनपेवर गेले, कारण माझ्याकडे रोख नव्हती. देवाच्या कृपेनं नव्हती म्हणायची. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण दुसऱ्या भेटीत त्यांनी डिस्चार्ज बुक चाळलं आणि एका पानावर बोट ठेवून भुवया उंचावल्या. ‘एकाहत्तरला साहेब परत गेले होते ना? मग बुकात नोंद कुठाय?’

खरंच नव्हती. आप्पांच्या पेटीत १९७१ चं संग्राम मेडल आहे, पण बुकात त्या महिन्यांचा उल्लेख नाही. सुभेदार साहेबांनी हिशेब मांडला. ही नोंद दुरुस्त झाली की तो काळ कलर सर्व्हिसमध्ये धरणार, रिझर्व्हिस्ट पेन्शनचं पूर्ण सर्व्हिस पेन्शन होणार, आणि मागचा फरक एकरकमी मिळणार. किती? त्यांनी आकडा तोंडानं सांगितला नाही, माझ्या तळहातावर बोटानं लिहिला. लाखांत होता. त्यातले वीस टक्के काम झाल्यावर, आणि प्रयागराजला वर द्यायचे बावीस हजार आत्ता.

सात वर्षांत काही महिने मिळवले तर पंधरा होतात का? पाचवीच्या पोराला घातलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. मी गणिताचाच मास्तर. पण त्या रात्री मी वहीत फरकाची रक्कम लिहून विहिरीचं बांधकाम, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असं वाटपसुद्धा करून ठेवलं होतं. मी भोळा होतो असं म्हणायला आवडलं असतं. खरं म्हणजे हाव सुटली होती.

बावीस हजार रोख दिले. ‘मूळ बुक लागेल, झेरॉक्सवर काम होत नाही,’ म्हणाले, तर तेही दिलं. आप्पांनी ते फडक्यात गुंडाळून माझ्या हातात ठेवलं, सुभेदार साहेबांच्या हातात नव्हे. दोन कोऱ्या कागदांवर आप्पांचा अंगठा घेतला. आप्पांना सही येते, तरी ‘म्हाताऱ्या माणसाचा अंगठाच बरा’ म्हणून. मधे एकदा फोन करून आधारचा ओटीपी मागत होते. तेव्हा बायकोनं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला. तिच्याशी मी दोन दिवस बोललो नव्हतो.

पत्र आलं ते २०२३ च्या पावसाळ्यात. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर, मग टपरीवर पाकिटातून. इंग्रजी मजकूर, वर सिंहाची मुद्रा, खाली दोन गोल शिक्के. आईचं नाव लक्ष्मी, कलर सर्व्हिस पंधरा वर्षं, फरक सहा आठवड्यांत खात्यात जमा. मी पेढे घेऊनच घरी आलो. आप्पांना अंगणात खुर्चीवर बसवून मोठ्यानं मराठीत सांगत सुटलो. त्यांनी हात पुढं केला, पत्र घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. इंग्रजी त्यांना येत नाही, पण नंबर आणि रँक वाचता येते, ती फौजेत प्रत्येकाला येते. नंबर त्यांचाच होता. नावाच्या आधी हवालदार.

‘हे कुणाचं हाय?’

मी म्हटलं तुमचंच. ते म्हणाले, ‘मी शिपाई गेलो आन् शिपाई आलो. एक फीत बी लागली न्हाई. हवालदार कोन केला मला?’ मी म्हटलं टायपिंगची चूक असेल, वाढीवच आहे ना. तेव्हा त्यांनी पत्र माझ्या मांडीवर ठेवलं आणि उठून गोठ्याकडे गेले. पैशाबद्दल त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी बोलले नाहीत. पेढे कोनाड्यात राहिले, मुंग्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी ते पत्र घेऊन गेटच्या आत गेलो. आठ महिने मी त्या गेटसमोर चहा पीत होतो, आत पाऊल टाकलं नव्हतं. तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक. त्यांनी पत्र उलटंसुद्धा केलं नाही. ‘सुधारित पीपीओ निघाला असेल तर स्पर्शच्या लॉगिनला दिसेल. उघडा.’ उघडलं. हुसाबाई जागच्या जागी होत्या. मग त्यांनी समजावलं ते मला आधी कुणी सांगायला हवं होतं, म्हणजे मी विचारायला हवं होतं. नावाच्या दुरुस्तीला ते कार्यालय काही फी घेत नाही. आप्पांच्या सहीचा अर्ज, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं मॅजिस्ट्रेटसमोरचं प्रतिज्ञापत्र, एका मराठी आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रातली जाहिरात, आधार, पासबुक, दोघांचा एकत्र फोटो, पीपीओ आणि डिस्चार्ज बुकाच्या प्रती. हे सगळं कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला जातं. रेकॉर्ड ऑफिस रेजिमेंटप्रमाणे वेगळं: मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महारचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला. त्यांनी विचारलं, ‘मूळ बुक कुठाय?’ मी गप्प.

एकाहत्तरच्या नोंदीसाठी त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज सुचवला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, आप्पांची स्वतःची सही, मागणी एकच: माझ्या शीट रोलची, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसात असलेल्या नोकरीच्या नोंदीची प्रत. कायद्यात उत्तराला तीस दिवस आहेत, आम्हाला अठ्ठाविसाव्या दिवशी टपाल आलं. शीट रोलमध्ये १९७१ चं बोलावणं, हजर झाल्याची तारीख, परत रिझर्व्हला पाठवल्याची तारीख, सगळं जिथल्या तिथं. चुकलं होतं ते फक्त बुकाचं पान. रेकॉर्ड पहिल्यापासून बरोबर होतं, आणि ते महिने धरूनही पेन्शन रिझर्व्हिस्टचंच. जी चूक दुरुस्त करायला मी बावीस हजार मोजले, ती नव्हतीच. आप्पांना ते पान दाखवलं तर त्यांनी घडी घालून मेडलच्या डबीखाली ठेवलं.

पोलिसांत गेलो. रोख दिलेल्या पंचवीस हजारांचा कागद नाही, साक्षीला फक्त आप्पा. फोनपेचे साडेसात हजार तेवढे दिसत होते, त्यांच्या खऱ्या नावासकट. ते नाव टपरीवरच्या नावाशी जुळत नव्हतं. त्या नावामुळेच हवालदारांनी (हे खरे हवालदार) त्यांना बोलावून घेतलं. साडेसात हजार परत मिळाले. बाकीचे गेले. तक्रार मी मागे घेतलेली नाही, पण तिचं पुढं काय होतं आहे हे विचारायला जाणं आता कमी झालंय, हेही खरं.

बुक मात्र ते देत नव्हते. आधी हरवलं म्हणाले, मग दहा हजार मागितले. शेवटी पोलिसांच्या माणसाबरोबर त्यांच्या घरी गेलो. साहेब घरात नव्हते. बाईंनी काही न बोलता माळ्यावरून किराणा दुकानाची एक पिशवी खाली काढली आणि माझ्यासमोर उपडी केली. डिस्चार्ज बुकं. मळलेली, दोरा घातलेली, एकाला हळदीचा डाग. मी मोजली, अकरा होती. आप्पांचं फडक्यासकट मिळालं. बाकीच्यांचा पोलिसाच्या माणसानं पंचनामा केला, तेवढ्यात मी दोन-तीन कव्हरं वाचून घेतली. एक आमच्या शेजारच्या गावचं होतं, तीन किलोमीटरवरचं.

आईच्या नावाचा सुधारित पीपीओ २०२४ च्या मार्चमध्ये स्पर्शवर दिसला. सगळा मिळून खर्च दोन हजारांच्या आत, त्यातला बराचसा इंग्रजी पेपरच्या जाहिरातीचा.

त्याआधीच एका रविवारी मी त्या शेजारच्या गावी गेलो होतो. जवान वारलेला, घरात त्याची म्हातारी बायको आणि नातू. मी सगळं सांगितलं, बुक पोलिसांकडे आहे म्हणालो, कुणाला भेटायचं ते कागदावर लिहून दिलं. म्हातारीनं ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग म्हणाली, ‘गुरुजी, तुमचं काम झालं न्हाई म्हून आमच्या सायबाला बोल लावू नगा. परवाच पाच हजार नेल्यात त्यानी, पत्र यायचंय.’