फौजी मुलांचा समर कॅम्प : सहा महिन्यांनंतर काय टिकलं

मे 2025 मध्ये माझी दोन्ही मुलं आमच्या लष्करी स्टेशनच्या समर कॅम्पला गेली. मुलगा सातवीत, धाकटी तिसरीत. कॅम्प संपल्या संपल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं. आता दिवाळीही होऊन गेली, त्यामुळे काय टिकलं आणि काय विरलं ते नीट सांगता येईल.

आमचे हे लष्करात हवालदार आहेत, सध्या फील्डमध्ये, म्हणजे जिथे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी. मी आणि मुलं सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये, म्हणजे अशा कुटुंबांसाठीच्या सरकारी घरात राहतो. एरवी मे महिन्यात हे रजा काढतात आणि आम्ही साताऱ्याकडे गावी जातो. यंदा 7 मेला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि रजा रद्द झाली. बॅगा भरून ठेवलेल्या होत्या. मुलं टीव्हीपुढून हलेनात, धाकटी नीट जेवेना. 10 मेला गोळीबार थांबला, पण फोन रोज लागेलच असं नव्हतं. कॅम्पची तारीख पुढे गेली होती, ती तिसऱ्या आठवड्यात लागली. शेजारच्या भाभी म्हणाल्या, घरात बसवून ठेवू नकोस, म्हणून दोघांची नावं दिली.

नावनोंदणी सोपी होती. डिपेंडंट कार्डाची झेरॉक्स, फोटो आणि एमआय रूममधून (फौजी दवाखान्यातून) फिटनेसचा दाखला, बस्स. फी नाममात्र. पहाटे सहाला फॉल-इन (रांगेत हजेरी), ऊन चढायच्या आत सुट्टी. पीटी, पोहणं, रस्सीखेच, एअर रायफल, नकाशावाचन, चित्रकला आणि इंग्लिश स्पीकिंग. शेवटच्या दोन गोष्टी नावापुरत्या होत्या, त्यांच्यासाठी कॅम्प निवडू नका.

त्याआधीच्या वर्षी मुलाला शहरातल्या एका खासगी शिबिरात घातलं होतं. सोयी उत्तम होत्या. पण तिथे त्याला रोज कुणीतरी विचारायचं, "तुझे बाबा न्यायला का येत नाहीत?" तो उत्तर द्यायचा आणि घरी येऊन गप्प बसायचा. इथे हा प्रश्नच नाही. निम्म्या पोरांचे पप्पा बाहेर, आणि उरलेल्यांचे कधी ना कधी जाऊन आलेले. आमच्या मुलांना केंद्रीय विद्यालयामुळे बदलीनंतर पुस्तकं तरी तीच मिळतात, मित्र मात्र दर दोन-तीन वर्षांनी नव्यानं जोडावे लागतात. कॅम्पमध्ये सगळेच असे, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच टोळी जमली. एका गटात मेजरसाहेबांची मुलगी, नाईकाचा मुलगा आणि सुभेदारांची जुळी. गट वयानुसार पाडले होते, पप्पांच्या रँकनुसार नाही. हे ज्यांनी ठरवलं त्यांचे मी मनापासून आभार मानते.

नकाशावाचनाचा तास मी स्वतः पाहिला. उस्तादांनी, म्हणजे कॅम्पच्या प्रशिक्षकांनी, झाडाखाली भारताचा मोठा नकाशा अंथरला, कंपास (होकायंत्र) ठेवून उत्तर दिशा जुळवली. मग एकेकाला शिकवलं: अंगठा कडीत घालायचा, कंपास डोळ्याशी आणायचा, प्रिझममधून आकडा वाचायचा. खिशात चावी नको, जवळ लोखंडी खांब नको, नाहीतर सुई फसते. शेवटी म्हणाले, "अब बताओ, पापा किस तरफ?" पण एक नियम होता. जागेचं नाव घ्यायचं नाही, युनिटचं नाही, फक्त अंश सांगायचे. पोरं नकाशावर बोट ठेवायची, वळून उभी राहायची आणि आकडा ओरडायची. कुणी बारा, कुणी तीनशे चाळीस. माझी धाकटी पासष्टवर थांबली आणि बराच वेळ तशीच बघत राहिली. आधीचे दोन आठवडे ती रात्री उठून "पप्पा कुठे आहेत?" विचारत होती आणि मला काही सांगता येत नव्हतं. आता तिच्याकडे तिचं उत्तर होतं. गच्चीत तिनं खडूनं बाण काढलाय. पावसात पुसला की पुन्हा काढायची. रात्रीचं उठणं जूनमध्ये थांबलं. या एका तासासाठी मी कॅम्पला पूर्ण गुण देते.

मुलाचं पोहणं टिकलं. पहाटे उठणं शाळा सुरू होईपर्यंत चाललं, पुढे नाही. एअर रायफलचा मात्र जीव हळहळतो. दहा मीटरवरून, श्वास अर्धा सोडून, हळूच ट्रिगर दाबायचा हे त्याला छान जमत होतं. उस्तादही म्हणाले, हात स्थिर आहे. कॅम्प संपला आणि रेंज मुलांसाठी बंद. आठवड्यातून एक संध्याकाळ जरी उघडी ठेवली असती, तर सहा महिन्यांत ही पोरं कुठल्या कुठे गेली असती.

तक्रारी अजून आहेत. आमची क्वार्टर्स टोकाला आहेत आणि गाडी तिथवर येत नव्हती. ज्यांच्या घरी दुसरं मोठं माणूस नाही अशाच बायकांना पहाटे मुलांना घेऊन चालत जावं लागलं. समारोपाला मुलं एकत्र बसली, पण आयांच्या खुर्च्या नवऱ्यांच्या रँकनुसार वेगवेगळ्या मांडलेल्या होत्या. मुलांनी ते पाहिलं, मुलानं घरी विचारलंही.

आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे मुलांच्या मनाशी बोलणारं प्रशिक्षित माणूस नव्हतं. अमेरिकेत 2004 पासून ऑपरेशन पर्पल नावाची मोफत शिबिरं फौजी मुलांसाठी भरतात. आई किंवा वडील मोहिमेवर गेल्यावर मुलाला जे वाटतं, त्याबद्दल बोलायला तिथे मुद्दाम वेळ ठेवलेला असतो. आपल्याकडे हे उस्तादांच्या चांगुलपणावर सोडलं जातं. ते भले होते, म्हणून निभावलं. पुढच्या वर्षी दुसरे कुणी असतील. आवासारखी (आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन, फौजींच्या पत्नींची) संघटना 1966 पासून जवानांच्या कुटुंबांसाठी काम करते आहे. प्रत्येक कॅम्पला एक समुपदेशक मिळवून देणं तिला अवघड जाऊ नये.

ऑगस्टमध्ये मुलाच्या जिवलग मित्राच्या वडिलांची बदली झाली, तो पंजाबला गेला. दोघं रविवारी व्हिडिओ कॉल करतात. एरवी मित्र गेला की आमचा पोरगा महिनाभर कुणाशी बोलत नसे. यंदा बोलतोय.

पुढच्या मे महिन्यात हे रजेवर आले तर आम्ही गावीच जाऊ, मुलांना पप्पांपेक्षा कॅम्प मोठा नाही. नाही आले तर दोघांची नावं पहिल्याच दिवशी देणार आहे. तुम्ही देणार असाल तर गाडी कुठवर येते आणि पोहण्याच्या बॅचची वयोमर्यादा काय, एवढं आधी विचारून घ्या. आमच्याकडे दहाच्या खालच्यांना पाण्यात उतरू देत नव्हते आणि धाकटी रोज काठावर बसून राहायची.