हवामान खात्याच्या पोस्ट : बडोदेकरांनी काय वाचावं, काय सोडावं

भारतीय हवामान विभागाची एक्स, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवरची खाती पावसाळ्यात दिवसभर जागी असतात. बडोद्यात बसून ती वापरली तर नेमका काय फायदा होतो, एवढंच इथे तपासलं आहे. गुण आधीच देतो. एक ते तीन दिवस आधीचा पावसाचा इशारा म्हणून पाचपैकी चार. पुढच्या दोन-तीन तासांसाठी अडीच. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या पुरासाठी, दुसरं काहीच न पाहता या पोस्टवरच विसंबलात तर, एक. हा शेवटचा एक गुण खात्याच्या चुकीमुळे नाही. पाऊस सांगणारं खातं पूरही सांगेल असं आपण धरून चालतो, त्यामुळे तो एवढा कमी आहे.

कोणतं खातं पाहायचं ते आधी ठरवा. दिल्लीच्या मुख्य खात्यावर अख्ख्या देशाचे नकाशे असतात, त्यात बडोदा ठिपक्याएवढं. आपल्या कामाचं खातं अहमदाबादच्या हवामान केंद्राचं. हे केंद्र मुंबईच्या प्रादेशिक केंद्राच्या अखत्यारीत येतं आणि मराठी घरांची हमखास गफलत इथेच होते. महाराष्ट्रासाठीचे मराठीतले इशारे पुण्या-ठाण्याचे नातेवाईक काळजीनं पाठवतात. भाषा आपली, खातं सरकारी, म्हणून दांडिया बझारपासून मांजलपूरपर्यंत सगळे ते पुढे ढकलतात. त्यात ‘मध्य महाराष्ट्र’ किंवा ‘घाटमाथा’ हे शब्द असतील तर तो इशारा आपला नाही. हवामान खात्यानं देशाचे 36 उपविभाग केले आहेत. गुजरातचे त्यात दोन : ‘सौराष्ट्र आणि कच्छ’ आणि ‘गुजरात रीजन’. बडोदा दुसऱ्यात. सौराष्ट्रातल्या द्वारकेच्या लाल इशाऱ्यावरून इथल्या शाळांना सुट्टी पडणार का, हा प्रश्न म्हणूनच गैरलागू ठरतो.

पोस्टमधले शब्द मोजून-मापून वापरलेले असतात, पण त्यांचा अर्थ पोस्टमध्ये दिलेला नसतो. ‘आयसोलेटेड’ म्हणजे उपविभागातल्या 25 टक्क्यांपर्यंत नोंद केंद्रांवर पाऊस, ‘स्कॅटर्ड’ म्हणजे 26 ते 50 टक्के, ‘फेअरली वाइडस्प्रेड’ म्हणजे 51 ते 75 आणि ‘वाइडस्प्रेड’ म्हणजे त्याहून जास्त. ‘गुजरात रीजनमध्ये आयसोलेटेड अतिवृष्टी’ अशी ओळ असेल आणि रावपुऱ्यात दिवसभर रिमझिमच झाली, तर अंदाज चुकला असं लगेच म्हणता येत नाही. ती अतिवृष्टी वलसाडला किंवा छोटा उदेपूरला झालेली असू शकते. उपविभागाची ओळ वाचून थांबू नका, खालचा जिल्ह्यांचा तक्ता उघडा.

दुसरा घोळ मापांचा. खातं बोलतं मिलिमीटरमध्ये, गुजरातची वर्तमानपत्रं आणि चहाची टपरी बोलते इंचात, आणि महापालिका आजवा सरोवराची आणि विश्वामित्रीची पातळी देते फुटांत. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, तेव्हा चारनं गुणून शंभरनं भागलं की मिलिमीटरचे इंच जवळपास बरोबर येतात : 150 मिलिमीटर म्हणजे सहा इंचांच्या किंचित खाली. खात्याच्या व्याख्येत 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून जोरदार पाऊस सुरू होतो, म्हणजे अडीच इंच. 115.6 पासून अति जोरदार, साडेचार इंच. 204.5 पासून अत्यंत जोरदार, आठ इंच. अडीच, साडेचार, आठ हे तीन आकडे पाठ केले की निम्म्या पोस्ट शब्दकोशाशिवाय कळतात.

रंगांचं तेवढं सोपं नाही. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पण रंग फक्त पावसाच्या मापावरून ठरत नाही. पाऊस पडण्याची शक्यता किती आणि पडला तर परिणाम काय, हेही त्यात धरलेलं असतं. त्यामुळे ‘नारिंगी म्हणजे साडेचार ते आठ इंच’ असं थेट समीकरण मांडू नका. रंगाखालची ओळ वाचा. पिवळ्याकडे तर बहुतेक जण ढुंकूनही पाहत नाहीत, आणि अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा भुयारी रस्ता) पाण्याखाली जायला लाल इशारा लागत नाही.

वेळेचा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना फसवतो. हवामान खात्याचा दिवस सकाळी 8:30 ला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी 8:30 ला संपतो. सोमवारी दुपारी दोन वाजता कोसळलेला पाऊस मंगळवारच्या तारखेखाली नोंदला जातो. मग ‘मंगळवारी ऊन होतं आणि खातं म्हणतं सहा इंच’ असा गोंधळ उडतो. त्यात गांधीनगरच्या राज्य आपत्ती नियंत्रण कक्षाचे तालुकावार आकडे सकाळी सहा ते सकाळी सहा असे असतात. दोन्हींच्या आकड्यांत फरक येतो आणि दोन्ही बरोबर असतात. इशाऱ्याच्या तक्त्यातही हेच : ‘पहिला दिवस’ म्हणजे पोस्ट निघाल्यापासून उद्या सकाळी 8:30 पर्यंत. काल दुपारचा तक्ता आज दुपारी ग्रुपवर आला तर त्यातला पहिला दिवस सकाळीच संपलेला असतो. चित्राच्या कोपऱ्यातली तारीख आणि प्रसिद्धीची वेळ दिसत नसेल, कुणी ती कापून टाकली असेल, तर ते चित्र पुढे पाठवू नये. उपग्रहाच्या चित्रावर वेळ ‘यूटीसी’मध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. 0900 यूटीसी म्हणजे आपले दुपारचे अडीच.

आता विश्वामित्री. बडोद्यात या पोस्ट पाहण्याचं खरं कारण हीच नदी आहे, आणि त्यांची मर्यादाही हिच्याच बाबतीत उघडी पडते.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेलं आजवा सरोवर आणि वाटेतले ओढे-नाले यांचं पाणी घेत ती शहरातून वाहते. म्हणजे कालाघोडा पुलाखालचं पाणी फक्त शहरावर पडलेल्या पावसाचं नसतं, हालोल-पावागडकडच्या पावसाचंही असतं, आणि ते पंचमहाल जिल्ह्यात पडतं. खात्याच्या तक्त्यात वडोदरा आणि पंचमहाल या दोन वेगळ्या ओळी आहेत. वडोदरा पिवळ्यात आणि पंचमहाल लाल रंगात असेल तर बडोदेकरानं स्वतःला लाल रंगात समजावं. ही एक सवय लागली तरी हे खातं वापरण्याचा उपयोग दुप्पट होईल.

ऑगस्ट 2024 ची आठवण अजून ताजी आहे. बंगालच्या उपसागराकडून आलेली कमी दाबाची प्रणाली डीप डिप्रेशन (चक्रीवादळाच्या एक पायरी आधीची अवस्था) होऊन गुजरातवर रेंगाळली. पुढे ती अरबी समुद्रात उतरली आणि 30 ऑगस्टला ‘असना’ चक्रीवादळ झाली. खात्याचे लाल इशारे वेळेवर आले होते, त्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. गोकुळाष्टमीला, 26 तारखेला, शहरावर धो-धो पाऊस झाला. पण खरी नासाडी पाऊस ओसरल्यावर झाली. आभाळ मोकळं होत होतं आणि अकोटा, फतेहगंज, समा, हरणीकडे पाणी उतरायचं नाव घेत नव्हतं. अशा वेळी हवामानाच्या पोस्टमध्ये रंग खाली उतरलेला दिसतो, कारण पुढचा पाऊस कमी असतो. तो रंग पाहून तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी परत नेणं ही मोठी चूक. इशारा ढगांचा असतो. नदी आणि धरणांच्या पाण्याचा अंदाज देणं हे केंद्रीय जल आयोगाचं काम, आणि शहरातली पातळी सांगते महापालिका.

म्हणून पावसाळ्यात तीन गोष्टी एकत्र पाहाव्यात : अहमदाबाद केंद्राचा जिल्हावार तक्ता, त्यात वडोदरा आणि पंचमहाल दोन्ही, आधीच्या दोन दिवसांत किती पाऊस झाला, कारण भिजलेली जमीन पाणी पीत नाही, आणि महापालिकेनं दिलेली आजवा आणि कालाघोड्याची पातळी. आजवा 212 फुटांच्या जवळ आलं की शहराचे कान टवकारतात, ते योग्यच आहे. नदीची नुसती पातळी पाहू नका. लागोपाठच्या दोन नोंदी घेऊन चढ काढा. दोन तासांत दीड फूट चढली असेल तर तोच वेग धरून तुमच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत पाणी यायला किती तास आहेत याचा ढोबळ हिशोब करता येतो. इन्व्हर्टरची बॅटरी, गॅसची टाकी आणि तळमजल्यावरची कागदपत्रं त्या हिशोबानं वर न्यायची. आणि पाण्यात उतरून पाहणी करायची नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पुरात त्या रस्त्यावर येतात.

‘फ्लॅश फ्लड’ जोखमीचे नकाशेही खातं टाकतं. उपविभागातल्या काही पाणलोट क्षेत्रांत पुढच्या 24 तासांत अचानक पाणी साचण्या-वाहण्याचा धोका किती, हे त्यात असतं. संकल्पना उत्तम आहे. पण गावांची नावं नसलेला नकाशा सामान्य माणसाला काही सांगत नाही. ‘गुजरात रीजनमधील काही पाणलोट’ या ओळीवरून करेलीबागेतल्या माणसानं काय ठरवायचं?

तीन तासांचा तात्कालिक अंदाज, म्हणजे नाउकास्ट, हा जिल्ह्याचा असतो, गल्लीचा नव्हे. रडारवर ढग दिसतो, पुढे कुठे सरकतोय ते पाहून इशारा निघतो. त्यात तासाला 15 मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाला जोरदार म्हणतात. गडगडाटी ढगाचं आयुष्य बऱ्याचदा तासाभराचंच असतं, तेव्हा तीन तासांची पोस्ट तुमच्यापर्यंत दीड तासानं पोहोचली तर तिचा उपयोग संपत आलेला असतो. ही पोहोचण्याची दिरंगाई खात्याची नाही, माध्यमाची आहे. एक्स आणि फेसबुक पोस्ट वेळेच्या क्रमानं दाखवत नाहीत. लॉग-इन न करता एक्सवरचं पान उघडलं तर वर ताज्या पोस्ट दिसतात असं नाही, जुन्या गाजलेल्या पोस्ट दिसतात. कुणी तरी ती जुनी पोस्ट आजची म्हणून घेतो. यावर उपाय सोपा आहे : एक्सवर स्वतःची एक लिस्ट बनवा, तिच्यात अहमदाबाद केंद्र, दिल्लीचं मुख्य खातं आणि महापालिका एवढीच खाती घाला. लिस्टमध्ये पोस्ट नव्या-जुन्या क्रमानं येतात. मुख्य खात्याची घंटी चालू करू नका. देशभरच्या इशाऱ्यांनी फोन इतका वाजेल की आठवड्याभरात तुम्ही तो बंदच कराल.

विजेसाठी सोशल मीडियाची वाट पाहूच नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप फोनचं ठिकाण घेऊन 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघातल्या विजेची सूचना देतं. लोकेशनची परवानगी दिली नाही तर ते मुकं राहतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ही ठेवावं. त्यात वेगवेगळ्या खात्यांचे अधिकृत इशारे एका जागी येतात. ‘मौसमग्राम’वर पिनकोड टाकला की पहिल्या 36 तासांचा तासातासाचा अंदाज दिसतो. गरब्याच्या दिवसांत संध्याकाळ कशी जाईल याचा अदमास घ्यायला ते बरं आहे. मात्र ते संगणकाच्या मॉडेलचं गणित आहे, तिथला कोरडा तास म्हणजे वचन नव्हे.

चक्रीवादळाच्या काळात मात्र हे खातं खरोखर उजवं आहे. उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांची अधिकृत जबाबदारी खात्याच्या दिल्लीतल्या केंद्राकडे आहे. 2023 मध्ये ‘बिपरजॉय’ कच्छमधल्या जखौजवळ 15 जूनला किनाऱ्याला लागलं, तोवर मार्ग, वाऱ्याचा वेग आणि किनाऱ्याला लागण्याची अपेक्षित वेळ सतत अद्ययावत होत होती. नकाशावरचा शंकू वाचताना एकच लक्षात ठेवा : तो वादळाच्या केंद्राच्या संभाव्य मार्गाचा असतो. पाऊस आणि वारा शंकूच्या बाहेरही असतो.

खात्यानं सुधारावं असं बरंच आहे. सगळी माहिती चित्रात कोंबलेली असते. बारीक अक्षरांचा तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर आणखी दाबला जातो आणि वाचताच येत नाही. चित्रातला मजकूर शोधताही येत नाही, आणि फोन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध माणसाला तो पूर्ण बंद असतो. ‘पंचमहाल, वडोदरा : आज रात्री 8:30 ते उद्या सकाळी 8:30, अति जोरदार पाऊस, साडेचार इंचांवर’ एवढी साधी ओळ गुजरातीत पोस्टच्या मजकुरातच लिहिली तर ती वाडीतल्या आजींनाही कळेल. मुदत संपलेल्या इशाऱ्यावर ‘मुदत संपली’ असा शिक्का मारून तीच पोस्ट पुन्हा टाकावी, म्हणजे जुनी चित्रं फिरणं कमी होईल. आणि पंचमहालच्या प्रत्येक लाल इशाऱ्याखाली ‘विश्वामित्रीकाठच्या रहिवाशांनी महापालिकेची पातळी पाहावी’ ही एक ओळ जोडावी.