प्रतीक्षा यादीवर डोळा ठेवून बसलेली माणसे

जिल्हा परिषदेच्या सरळसेवा भरतीचा निकाल लागला की प्रतीक्षा यादी उमेदवारांपेक्षाही अधिक बारकाईने वाचणारी काही माणसे असतात. 2024 मध्ये सांगलीत अशाच एका गृहस्थाने आमच्या कुटुंबाकडून 3 लाख रुपये घेतले. त्याची पद्धत पुन्हा पुन्हा वापरता येण्यासारखी आहे, म्हणूनच नोकरीच्या शोधात असलेल्या प्रत्येक पदवीधराने ती तपशिलात समजून घ्यावी असे मला कळकळीने वाटते.

शिवाजी विद्यापीठातून राज्यशास्त्रात एम. ए. झाल्यावर मला स्थानिक स्वराज्य संस्थेतच काम करायचे होते. 1 मे 1962 रोजी राज्यात त्रिस्तरीय पंचायत राज सुरू झाले, तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण आमच्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे. त्या व्यवस्थेत आपणही गावाच्या उपयोगी पडावे, ही इच्छा माझ्या मनात आजही तितकीच पक्की आहे. 2019 ची रखडलेली भरती रद्द झाल्यानंतर ऑगस्ट 2023 मध्ये राज्यभरातील जिल्हा परिषदांच्या 19,460 जागांची जाहिरात निघाली. मी लिपिकवर्गीय पदासाठी अर्ज केला, ऑनलाइन परीक्षा दिली आणि माझे नाव प्रतीक्षा यादीत आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गृहस्थाचा फोन आला. माझे गुण, यादीतला क्रमांक, आरक्षणाचा प्रवर्ग हे सारे त्याला तोंडपाठ होते. "ताई, तुमच्या वरच्या दोघांनी दुसऱ्या खात्यात नोकरी धरली आहे, फक्त फाइल हलवायची आहे," असे तो म्हणाला. इतकी माहिती आतल्या माणसालाच असणार असे माझ्या वडिलांना वाटले. प्रत्यक्षात ही यादी संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली असते, आणि निवड झालेले उमेदवार रुजू झाले नाहीत किंवा कागदपत्र पडताळणीत अपात्र ठरले की प्रतीक्षा यादी नियमानुसार आपोआप पुढे सरकते. त्यासाठी कोणाला काही द्यावे लागत नाही. परंतु 2021 मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीची प्रश्नपत्रिका फुटल्याचे सर्वांच्या लक्षात होते, त्यामुळे आत काहीतरी व्यवहार चालतच असणार हा समज लोकांच्या मनात घट्ट बसलेला आहे आणि असल्या माणसांचे सारे भांडवल तेवढेच आहे.

या पद्धतीचा सर्वांत घातक भाग पुढे आहे. तो यादीतल्या एकाकडून नव्हे, तर जमतील तितक्या उमेदवारांकडून पैसे घेतो. त्यातल्या एकदोघांची निवड स्वतःच्या गुणांवर होणारच असते. त्यांचे पैसे तो आपल्या कामाची किंमत म्हणून ठेवून घेतो आणि उरलेल्यांना पुढच्या तारखा देत राहतो. शिवाय निवड झालेल्यांचे आईवडील त्याचे सच्चे साक्षीदार बनतात. आम्हालाही अशा एका मुलीच्या वडिलांशी बोलायला लावले होते. ते गृहस्थ खोटे बोलत नव्हते. आपल्या मुलीला त्यानेच नोकरी लावली अशी त्यांची मनापासून खात्री होती.

पैसे घेताना त्याने 100 रुपयांच्या मुद्रांकावर 'हातउसने घेतले' असे लिहून दिले. त्यात नोकरीचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे उद्या तक्रार झालीच तर प्रकरण उसनवारीचे ठरावे अशी सोय आधीच झाली. माझ्या मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र 'पडताळणीसाठी' म्हणून त्याने ठेवून घेतले. खरी पडताळणी करणारे अधिकारी मूळ कागद आपल्यासमोर पाहतात आणि परत देतात, ही एक गोष्ट प्रत्येकाने पक्की ध्यानात ठेवावी.

पुढे नियुक्तिपत्र आले. त्यावर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक होता. ते घेऊन आम्ही जिल्हा परिषदेच्या सामान्य प्रशासन विभागात गेलो, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांनी शांतपणे जावक नोंदवही उघडून दाखवली. त्या क्रमांकावर भलत्याच विषयाच्या पत्राची नोंद होती. हाताशी कोणतेही नियुक्तिपत्र आले, तर रक्कम देण्याआधी ही एवढी खातरजमा कोणालाही करता येते.

पोलिसांत जाण्याआधी नातेवाइकांनी आम्हाला खूप अडवले. नोकरीसाठी पैसे दिले म्हणून तुम्हीच अडकाल, ही भीती घालूनच असे लोक सुटतात. मुद्रांकाने आमची बाजू लंगडी केली होती, पण निम्मी रक्कम बँकेतून गेली होती आणि व्हॉट्सअॅपवर त्याने पदाचे नाव लिहून पैसे मागितले होते. त्या संदेशांच्या आधारे भारतीय दंड संहितेच्या कलम 420 खाली गुन्हा नोंद झाला. 1 जुलै 2024 पासूनच्या व्यवहारांना भारतीय न्याय संहितेचे कलम 318 लागू होते. त्यामुळे संदेश पुसू नका, फोन बदलू नका, आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर उशीर न करता 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा.

माझी प्रमाणपत्रे त्याच्या घरझडतीत इतर अनेकांच्या कागदांसोबत सापडली आणि मुद्देमालात जमा झाली. न्यायालयात अर्ज करून ती सुपुर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, परत मागता येतात, असे वकिलांनी सांगितल्यावर मी तो अर्ज दिला आहे. ज्यांची कागदपत्रे अशीच अडकली आहेत त्यांनी पुढच्या जाहिरातीची वाट पाहू नये, कारण अर्ज भरल्यावर पडताळणीची तारीख कोणासाठीही थांबत नाही.