‘राइट टू बी’चे विनामूल्य प्रशिक्षण: छेडछाड होताना शेजारी उभ्या असलेल्यांसाठी

न्यूयॉर्कमध्ये २००५ साली ‘हॉलाबॅक’ या नावाने सुरू झालेली आणि २०२२ पासून ‘राइट टू बी’ म्हणून ओळखली जाणारी संस्था, डोळ्यांदेखत कोणाची छेडछाड होत असेल तर आजूबाजूच्या माणसांनी काय करावे, याचे विनामूल्य ऑनलाइन प्रशिक्षण देते. सुमारे तासाभराचे हे सत्र लोकलने किंवा बसने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने करावे, असे मला मनापासून वाटते.

अंधेरीच्या आंबोली भागात २०११ साली मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना जाब विचारल्यामुळे दोन तरुणांना प्राण गमवावे लागले. तेव्हापासून ‘मध्ये पडावे की नाही’ हा प्रश्न मुंबईत अधिकच अवघड झाला आहे. या प्रशिक्षणात त्या भीतीला भित्रेपणा ठरवलेले नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. त्यात पाच मार्ग सांगितले आहेत आणि छेड काढणाऱ्याशी थेट बोलणे हा त्यांपैकी केवळ एक आहे. तोही आपण स्वतः सुरक्षित असू, प्रसंग चिघळण्याची शक्यता दिसत नसेल आणि जिची छेड काढली जात आहे त्या व्यक्तीला कोणी बोलावे असे वाटत असेल, तरच अवलंबायचा. एक-दोन ठाम वाक्ये बोलून, हुज्जत न घालता, आपले लक्ष पीडित व्यक्तीकडे वळवायचे.

सर्वांत उपयोगी मार्ग लक्ष विचलित करण्याचा आहे. छेड काढणाऱ्याकडे पूर्ण दुर्लक्ष करून ‘ताई, ही गाडी दादरला थांबते का?’ असे विचारत दोघांच्या मध्ये उभे राहणे, हे वयस्कर किंवा बुजऱ्या माणसालाही जमण्यासारखे आहे. कंडक्टरला किंवा सहप्रवाशांना सोबत घेणे आणि नंतर ‘तुम्ही ठीक आहात ना, मी सोबत येऊ का?’ अशी विचारपूस करणे, हे आणखी दोन मार्ग. पाचवा मार्ग चित्रीकरणाचा. त्याबाबतची शिस्त मात्र प्रत्येकाने मनावर घ्यावी: आधी कोणी मदत करत आहे का ते पाहायचे, सुरक्षित अंतर राखून वेळ आणि ठिकाण नोंदवायचे आणि ते चित्रीकरण पीडित व्यक्तीच्या स्वाधीन करायचे. तिच्या परवानगीविना ते कुठेही टाकायचे नाही. पोलिसांना बोलावण्यापूर्वीही शक्य असल्यास तिला विचारायचे असते.

आखणी अमेरिकेतील असल्यामुळे इथला तपशील आपणच जोडून घ्यावा. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि रेल्वेत १३९ हे क्रमांक फोनमध्ये असावेत.

शिवाय या प्रशिक्षणाचा भर सार्वजनिक जागांवर आहे. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो तेव्हाचा प्रश्न वेगळा. त्यासाठी ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेची २००८ मधील ‘बेल बजाओ’ मोहीम अधिक जवळची वाटते: काहीतरी किरकोळ निमित्त काढून दारावरची घंटा वाजवायची, म्हणजे कोणीतरी ऐकत आहे हे आतल्याला कळते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यानुसार अशा हिंसाचाराची माहिती कोणीही त्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यास देऊ शकतो, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कोणतेही दायित्व येत नाही.