नवा रंग, जुनी कार्बन फ्रेम: बडोद्यातली एक फसवणूक

दांडिया बाजारातल्या एका गृहस्थांनी मुलीसाठी जुनी रोडबाइक घेतली, 32 हजारांना. तीन मुख्य नळ्या कार्बनच्या, त्या अ‍ॅल्युमिनियमच्या लगमध्ये, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या सांध्याच्या तुकड्यांमध्ये, चिकटवलेल्या, आणि मागचा त्रिकोण, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या नळ्या, सगळा अ‍ॅल्युमिनियमचा. 1990 च्या सुमाराची ट्रेक 2500 याच घडणीची. जपून वापरलेली अशी फ्रेम आजही चालते. ही मात्र विकणाऱ्याने मकरपुऱ्याकडे पावडर कोटिंग करून आणली होती, आणि ‘काका, रंग एकदम कंपनीसारखा करून घेतलाय’ म्हणत त्याचे चार हजार वर लावले होते. तिसऱ्याच आठवड्यात सिंधरोटच्या रस्त्यावर डाउनट्यूब, म्हणजे हँडलकडून पेडलकडे उतरणारी तिरकी नळी, खालच्या लगमधून सुटली. वेग कमी होता म्हणून मुलीचं कोपर खरचटण्यावर निभावलं.

फसवणूक त्या रंगातच होती. पावडर कोटिंगची भुकटी साधारण 180 ते 200 अंशांच्या भट्टीत दहा ते वीस मिनिटं भाजतात. लोखंडी फ्रेमला त्याने काही होत नाही. चिकटवलेल्या फ्रेमचा जोड मात्र इपॉक्सी नावाच्या चिकट्यावर उभा असतो आणि तो इपॉक्सी या तापमानाच्या कितीतरी आधी नरम पडतो. थंड झाल्यावर जोड बाहेरून शाबूत दिसतो, पण त्याची पकड गेलेली असते. जुना रंग काढायला सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा, केलं असेल तर कार्बनचे वरचे धागेही कापले जातात. अशा फ्रेमला रंग द्यायचाच असेल तर हार्डनर मिसळून साध्या हवेत वाळणारा स्प्रे रंगच द्यावा.

मुळात रंग बदलावा का लागतो? कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना भिडले आणि मध्ये घामाचं खारट पाणी शिरलं की तिथे बॅटरी तयार होते, आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. कारखान्यात दोघांमध्ये काचतंतूचा पातळ थर देतात किंवा लग अ‍ॅनोडाइझ करतात, म्हणजे धातूवर ऑक्साइडचा थर चढवतात. तो थर कुठे खरवडला गेला की आत पांढरी भुकटी धरते. तिला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून ती इपॉक्सीला ढकलत राहते आणि लगच्या कडेशी रंगाला फुगे येतात. तेच फुगे इथे कोटिंगखाली दाबले होते.

पाहायला जाल तेव्हा टॉर्च आणि एक रुपयाचं नाणं सोबत न्या. पावडरचा थर जाड असतो, त्यामुळे लगच्या धारदार कडा गोल झालेल्या दिसतात, खालचा सीरियल नंबर बुजलेला असतो आणि बाटलीच्या होल्डरच्या स्क्रूच्या आट्यांत रंग उतरलेला असतो. एवढं दिसलं तर पुढे तपासत बसू नका, घरी या. रंग मूळचा वाटला तर प्रत्येक जोडाभोवती नाण्याने हलके ठोका. आवाज एका बाजूला टणक आणि दुसऱ्या बाजूला पोकळ आला तर तिथला चिकटा सुटलेला आहे. मग पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढे-मागे रेटा आणि जोडाच्या रेषेवर अंगठ्याचं नख आडवं ठेवा. सुटलेला जोड डोळ्याला दिसत नाही, नखाला लागतो. खालच्या बीबीपाशी, म्हणजे पेडलचा आस बसतो तिथे, हेच पेडल दाबून करा. या फ्रेमला तिथे केसाएवढी गोल चीर होती, कोटिंगच्या रंगातच मिसळून गेलेली.

सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, काढून दाखवायला सांगाच. ‘तो फिट बसवलाय, हलवू नका’ हे उत्तर या सौद्यातही मिळालं होतं. खरं कारण हे की तो आत गंजून धरला होता. निघाला तर टॉर्चने आत पाहा. पांढरी पावडर दिसली तर सौदा सोडा.

कोणी म्हणेल, अ‍ॅराल्डाइट भरून दोन रिव्हेट मारून देतो. ही दुसरी फसवणूक. जोड पूर्ण उघडून, धातू साफ करून, योग्य फट राखून चिकटवल्याशिवाय तो टिकत नाही, आणि रिव्हेटचं भोक कार्बनला तिथूनच फाडतं.

दुकानातून घेत असाल तर बिलावर ‘फ्रेमला नव्याने रंग दिलेला नाही’ एवढं लिहून घ्या. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. इथे बिलच नव्हतं, व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो तेवढे उरले.

चाकं, गिअर, ब्रेक दुसऱ्या फ्रेमवर चढतील. ही फ्रेम मात्र टॉपट्यूब (वरची आडवी नळी) आणि डाउनट्यूब करवतीने कापूनच भंगारात द्यायची. कापताना मास्क लावा आणि पाणी मारत राहा, कार्बनची धूळ छातीत जाते. अख्खी दिली तर तिला पुन्हा कोणीतरी रंग लावेल.