बिनस्क्रीनचा पेन टॅब्लेट: जळगावचा एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढल्यावर

दिवाळीनंतरच्या सेलमध्ये घेतला. दहा बाय सव्वासहा इंचांची काळी पाटी, बिनबॅटरीचा पेन, पेन किती दाबला ते ओळखायचे ८१९२ टप्पे. कंपनीचं नाव देत नाही. या किमतीतले सगळे एकाच जातीचे. पोटापाण्यासाठी वेबसाइटी बनवतो, चित्रं काढतो आणि जळगाव-धुळे पट्ट्यात कुठे गाणं असलं की गाठतो. या तिघांत दरवेळी बळी जायचा तो चित्रांचा. जलरंग मांडायचे, पाणी आणायचं, परत सगळं आवरायचं, एवढा वेळ कामाच्या दिवशी निघतच नाही.

इथे याने फरक पाडला. पाटी कीबोर्डशेजारीच पडून असते. क्लायंटचा निरोप येईपर्यंत क्रिटा उघडायचं (चित्रं काढायचा प्रोग्रॅम, फुकट आहे आणि उत्तम आहे), थोडं रंगवायचं, निरोप आला की बंद. आजीने एकदा मागे उभं राहून पाहिलं आणि विचारलं, "कागद नही, रंग नही, चित्र कोठे शे?" तिचा प्रश्न चुकीचा नाही. हात खाली पाटीवर आणि नजर वर मॉनिटरवर ही सवय लागायला वेळ जातो, पहिल्या आठवड्यात तर सहीसुद्धा धड येत नाही.

बसवताना दोन गोष्टी बघा. पेनचा दाब लागत नसेल तर क्रिटाच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये विनटॅबऐवजी विंडोज इंक (पेनचा दाब प्रोग्रॅमपर्यंत पोचवायच्या या दोन पद्धती) निवडून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा. दुसरी जास्त महत्त्वाची. पाटी १६:१०, बहुतेक मॉनिटर १६:९, त्यामुळे गोल किंचित आडवा पसरतो. आमच्यासारखे दोन मॉनिटर लावून बसणारे असतील तर विचारूच नका. गोल काढला की स्क्रीनवर आडवं पडलेलं भरताचं वांगं. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे पाटीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये, पाटी एकाच मॉनिटरला जोडायची आणि प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय चालू करायचा. मग हात खोटा पडत नाही.

वेबच्या कामात? कोड लिहिताना शून्य उपयोग, पेन उलट मध्ये येतो. पण व्हिडिओ कॉलवर स्क्रीनशॉटवरच गोल करून "हे बटण इकडे घ्यायचं का?" विचारलं की लांबलचक ईमेल लिहावे लागत नाहीत. एका केळी व्यापाऱ्याच्या साइटसाठी घडाचं चिन्ह इंकस्केप या रेषाचित्रांच्या प्रोग्रॅममध्ये हाताने काढलं. हाताच्या रेषेत बिंदूंचा नुसता पाऊस पडतो आणि एसव्हीजी (रेषाचित्राची) फाइल उगाच फुगते. कंट्रोल-एल दाबून रेषा सोपी करायची, दोन-तीनदा पुरे. त्याहून जास्त केलं की केळ्यांचा बाक जातो.

मैफिलीला मात्र हा नेऊच नये. सोबत लॅपटॉप लागतो आणि अंधाऱ्या नाट्यगृहात तुमच्या स्क्रीनचा उजेड मागच्या चार रांगांना त्रास देतो. जानेवारीत आपल्याकडच्या बालगंधर्व संगीत महोत्सवाला मी खिशातली वही आणि ६बी पेन्सिल नेली. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, चित्र काढणाऱ्याची चंगळ असते. गायकाचा हात ठरावीक वळणाने परत येतो, समेवर, म्हणजे तालाचं आवर्तन जिथून सुरू होतं तिथे, तबलजीची मान झुकते. या आवर्तनात निसटली तर पुढच्यात सापडते. द्रुत (जलद लय) सुरू झालं की पेन्सिल खाली ठेवायची. घरी आल्यावर पानाचा फोटो क्रिटात घ्यायचा, तो थर फिका करायचा आणि वर नव्या थरावर रंग. तंबोऱ्याच्या भोपळ्यावरची चमक अशी दहा वेळा पुसून बघता येते, जलरंगात एकदाच संधी. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या, गाण्यांची रात्र येईल, तिथेही वहीच.

आता तक्रारी. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा तळहात पाटीला चिकटतो आणि रेषा अडखळते. दोन बोटं झाकणारा हातमोजा घालणं भाग आहे. निब (पेनचं बदलता येणारं टोक) एका बाजूने झिजून धारदार होते आणि पाटीवर ओरखडे पाडते. अधूनमधून चिमट्याने उपसून फिरवून बसवा. सोबतची केबल उन्हाळ्यातच गेली. सेवा केंद्राला मेल पाठवले, पोच आली, केबल नाही. शेवटी बाजारातली साधी सी-टाइप लावली, ती चालतेय.

आणखी एक तक्रार आहे, पण ती यंत्राची नाही. चित्रसुद्धा आता त्याच खुर्चीत, त्याच टेबलावर होतं, आणि कामाचा ताण रेषेत उतरतो. चाळीसगावच्या केकी मूस (१९१२–१९८९) यांनी छायाचित्रं, चित्रं, शिल्पं आणि संगीत सगळं घराबाहेर न पडता सांभाळलं म्हणतात. स्टेशनजवळचं ते घर, आता कलादालन, जरूर बघा. पण त्यांना सोमवारची डेडलाइन नव्हती. मी रविवारी पाटी कपाटात ठेवतो आणि खरे रंग काढतो.

पाचपैकी चार. पहिल्यांदा घेणाऱ्याने याहून मोठा घेऊ नये, टेबलावर कीबोर्डला जागा उरत नाही. आणि जास्तीच्या निबा त्याच ऑर्डरमध्ये मागवा, मला त्या जळगावच्या दुकानांत मिळाल्या नाहीत.